अभ्यासपाठ : थकलेल्या हातांना टेकू

वाचन : निर्गम १७:८-१३

मोशे वृद्ध होता. रफीदीमच्या टेकडीवर त्याचे हात थकले, तेव्हा अहरोन व हूर यांनी दोन बाजूंनी ते सावरले. थकलेल्याला उपदेशाआधी आधार लागतो, हे आपण येथे शिकतो.

१. थकलेले हात कोणाचे?

एखादी आजी जेवून उठते आणि पुन्हा जेवण मागते. स्वतःच्याच घरात बसून 'मला घरी न्या' म्हणते. शेजारी म्हणतात, म्हातारचळ लागला. पण हा चळ नव्हे, नुसते वयही नव्हे. स्मृतिभ्रंश हा मेंदूच्या आजारांमुळे होतो. त्यांत अल्झायमर हा प्रमुख. तो समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही. म्हणून रात्रंदिवस जागणाऱ्या सुनेचे, मुलीचे वा पत्नीचे हातही गळून जातात.

२. गोव्यातील उदाहरण

डॉ. अमित डायस व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील दोन तालुक्यांत ८१ कुटुंबांच्या सहकार्याने एक अभ्यास केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कुटुंबांची दोन गटांत विभागणी झाली. एका गटाच्या घरी सहा महिने स्थानिक भाषा जाणणारे, प्रशिक्षण घेतलेले साधे कार्यकर्ते जात. ते आजार समजावून सांगत, हट्ट व संताप कसा हाताळावा ते दाखवत. मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी असत. परिणाम काय झाला? रुग्ण बरे झाले नाहीत. पण सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. डॉक्टर नसलेल्यांनाही हे काम करता येते, हे त्यातून दिसले.

३. देणाऱ्यांचा वाटा

कुटुंबांनी दार उघडले नसते, तर हे ज्ञान मिळाले नसते. अमेरिकेत १९८६ मध्ये डॉ. डेव्हिड स्नोडन यांनी सुरू केलेल्या अभ्यासात ६७८ वृद्ध धर्मभगिनींनी दरवर्षी स्मरणशक्तीची तपासणी करून घेतली आणि मरणोत्तर मेंदू देण्यास संमती दिली. त्यातून कळले, की मेंदूत आजाराच्या खुणा असूनही काही भगिनींची बुद्धी शेवटपर्यंत शाबूत होती.

४. सावधगिरी

संशोधक आले म्हणून कोणावर भीड घालू नये. विसरणाऱ्या माणसालाही सोप्या शब्दांत विचारावे, घरच्यांची संमती घ्यावी, आणि 'नको' म्हटले तर ते मानावे. घरातली गोष्ट मंडळीभर होऊ देऊ नये. अभ्यास संपल्यावर काय आढळले, ते कुटुंबांना सांगण्याची मागणी आपण अवश्य करावी.

चर्चेसाठी प्रश्न

(अ) आपल्या मंडळीत अशी किती घरे आहेत, जेथून उपासनेस येणे बंद झाले आहे?

(ब) सांभाळणाऱ्या व्यक्तीला आठवड्यातून दोन तास मोकळे करण्यास महिला मंडळ व तरुण संघ यांपैकी कोण जाईल? नावे आजच लिहून घ्यावीत.