ठशावरचा मासा कुठल्या पाण्यातला?

मासे, होड्या, जाळी यांची चित्रं असलेले जुने छपाईचे ठसे जमवायला लागणाऱ्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट सांगते ती ही: ठसा विकत घ्या, त्याच्यासोबत ऐकवलेली कथा विकत घेऊ नका. कथेला पुरावा मागा. पेण आणि रोह्यातल्या दोन अनुभवांनी मला हे पक्कं शिकवलं.

रोह्यात जुन्या वस्तू विकणाऱ्या एकाने मला सागवानी ठसा दाखवला. समोरासमोर वळलेली माशांची जोडी, मागे मूठ, खाचांत वाळलेला निळा रंग. ‘ताई, इथल्याच कोळीवाड्यातला आहे, शंभर वर्षांचा,’ तो म्हणाला, आणि त्या एका वाक्यावर भाव चढला. पण रोह्याच्या कुंडलिका नदीकाठी कापडावर ठसे उमटवणारी घराणी होती, असं मी कुणाकडूनही ऐकलेलं नाही. माशांची जोडी ही अवधच्या नवाबांची खूण. उत्तर प्रदेशाच्या राज्यचिन्हातही दोन मासे आहेत. लखनऊच्या चिकनकामात भरतकामाआधी धुऊन जाणाऱ्या निळ्या रंगाने नक्षी कापडावर उमटवतात, आणि त्या ठशांत मासा नेहमीचा. म्हणजे ठसा खरा असेल, पत्ता मात्र खोटा होता. शिवाय गुजरातेत पेथापूरसारख्या गावी असे ठसे आजही कोरले जातात. नव्या लाकडाला तेल आणि काजळी चोळली की ते जुनं दिसू लागतं.

म्हणून आधी ठशाची जात ओळखा. कापडाचा ठसा जाड असतो, त्याला मूठ असते आणि बऱ्याचदा हवा निघून जायला आरपार भोकं असतात. छापखान्यातला ब्लॉक अक्षरांच्या खिळ्यांच्या, म्हणजे टाइपच्या, उंचीचाच लागतो: ०.९१८ इंच, म्हणजे सुमारे २३.३ मिलिमीटर. खिशात कॅलिपर ठेवा. लाकडी बैठकीवर ठोकलेला जस्ताचा पत्रा असेल तर तो झिंको ब्लॉक. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर हाफटोन. ते तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळलं, त्यामुळे त्याहून जुना हाफटोन कुणी दाखवला तर हात आखडता घ्या.

आपल्या खाडीचा मासा शोधायचा तर तो छापखान्यांत शोधावा. सुक्या मासळीच्या व्यापाऱ्याचं बिलबुक, बर्फाच्या कारखान्याची पावती, मच्छीमार सोसायटीचं लेटरहेड, जत्रेचं हँडबिल, राशिभविष्यातली मीन रास, पोथीतला मत्स्यावतार अशी त्याची घरं. ऑफसेट आलं आणि ट्रेडल मशीनं भंगारात गेली, त्यांच्यासोबत हे ब्लॉकही वजनावर गेले.

पेणमध्ये असाच एक छापखाना बंद होत होता. तिथल्या काकांनी डबाभर ब्लॉक माझ्यापुढे ठेवले. त्यात शिडाच्या होडीचा एक फार देखणा होता. त्याने छापलेलं काही आहे का, असं विचारलं तर नमुन्यांच्या फाइली आठवडाभर आधीच रद्दीत गेल्या होत्या. आम्ही बसून एकेक ब्लॉक हातात घेतला. काकांना काही गिऱ्हाइकं आठवली, ती मी लिहून घेतली. होडी कुणाची, ते मात्र कायमचं हरवलं. म्हणून छापखाना बंद होतोय असं कानावर आलं, तर ब्लॉकच्या आधी कागद मागा: बिलबुकांची स्थळप्रत, हँडबिलं, ऑर्डरची वही.

ब्लॉकवर अक्षरं असतील तर आरशात धरून वाचा. ‘जिल्हा कुलाबा’ असेल तर तो बहुधा १९८१ पूर्वीचा, कारण त्या वर्षी जिल्ह्याचं नाव रायगड झालं. पिनकोड असेल तर १९७२ नंतरचा. ‘नवे पैसे’ १९५७ ते १९६४ या काळातले. वजन शेर-मणात असेल तर मेट्रिक मापं रुळण्याआधीचा.

मासाही नीट बघा. तयार चित्रांचे ब्लॉक टाइप फाउंड्रीच्या कॅटलॉगमधून येत, आणि त्यांत विलायती मासेही असत. जिताड्याची शेपटी गोलसर असते आणि डोक्यावरचा उतार खोलगट. दुभंगलेल्या शेपटीच्या माशाला कुणी ‘पेणचा जिताडा’ म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका.

आपला पावसाळा या वस्तूंचा वैरी आहे. जस्तावर पांढरी भुकटी धरते, लाकूड फुगतं, पत्रा ठोकायला वापरलेले खिळे गंजतात. पाण्याने धुऊ नका. रॉकेलच्या किंचित ओल्या फडक्याने पुसा, उघड्या हवेत आणि विस्तवापासून लांब. मग कागदात गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. अक्षरांच्या खिळ्यांत शिसं असतं. त्यांची पांढरी भुकटी कोरड्या ब्रशने उडवू नका, हातमोजे घाला, मुलांच्या हाती देऊ नका.

कायदाही ध्यानात ठेवा. शंभर वर्षांवरची पुरावस्तू १९७२च्या कायद्यानुसार खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकाला भेट पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे विचारणा करा.

आणि प्रत्येक ब्लॉकची नोंद वहीत करा: कुठे मिळाला, कुणी दिला, काय सांगितलं, त्यातलं पडताळलं काय, उंची किती, सोबत छापील नमुना आहे का. ऐकीव आणि पडताळलेलं वेगळ्या रकान्यांत लिहा. ज्यांनी हे ब्लॉक फर्म्यात बसवले ते कंपोझिटर आता म्हातारे झाले आहेत. भंगारवाल्याकडे जाण्याआधी त्यांच्याकडे जा. ब्लॉक उद्याही सापडेल, पण तो कुणासाठी केला होता हे सांगणारा माणूस उद्या भेटेलच असं नाही.