बागेंतील छोटी आगगाडी व दमट हवा

नमुन्याची आगगाडी घरांत जमिनीवर धावतांना पुष्कळांनीं पाहिली असेल. परंतु जर्मनी, इंग्लंड, अमेरिका इत्यादि देशांत ती बागेंत, उघड्यावर, फुलझाडांमधून चालविण्याचाही छंद अनेकांस आहे. जर्मनींतील न्यूरेंबर्ग येथील लेहमान कारखान्यानें सन १९६८ मध्यें एल. जी. बी. या नांवानें अशा गाड्या बाजारांत आणल्या. त्यांच्या दोन रुळांमधील अंतर ४५ मिलिमीटर असतें. मीटर-गेज रेल्वेंत हेंच अंतर १००० मिलिमीटर असतें. भागाकार करून पाहिल्यास हा नमुना मूळ गाडीच्या सुमारें बाविसाव्या हिश्श्याएवढा आहे, हें विद्यार्थ्यांच्या ध्यानांत येईल.

अशा गाडीस वीज बहुधा रुळांतून पुरविली जाते व ती चाकांवाटें इंजिनांत शिरते. हे रूळ पितळेचे, म्हणजे तांबें व जस्त यांच्या मिश्रणाचे, असतात. घरांतील पितळेचीं भांडीं चिंचेनें घासून लख्ख केलीं तरी पावसाळ्यांत तीं लवकर काळवंडतात, हें आपण जाणतोंच. रुळांचीही तीच गत होते. आणि समुद्रकांठच्या खाऱ्या हवेंत तर ती अधिक त्वरेनें होते. रुळांवर व त्यांच्या सांध्यांत जमणारें हें पुट विजेस अडवितें. मग गाडी अडखळत चालते व अखेर थांबते.

यावर उपाय हा कीं, विजेचा सांठा गाडीनें स्वतःबरोबरच न्यावा. लिथियमच्या एका विद्युद्घटाचा दाब सुमारें ३.७ व्होल्ट असतो. असे चार घट एकापुढें एक जोडल्यास १४.८ व्होल्ट मिळतात. घटांची धारणा २.६ अँपिअर-तास असून इंजिन सरासरी १ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर गाडी सुमारें अडीच तास चालेल. तिचा वेग व दिशा बिनतारी यंत्रानें बदलतां येते. या लहरींचीं कंपनें बहुधा सेकंदास सुमारें २४० कोटी असतात. लहरीचा वेग सेकंदास ३० कोटी मीटर; म्हणून एका लहरीची लांबी १२.५ सेंटिमीटर भरते. आतां रुळांनीं केवळ गाडीस वाट द्यावयाची. ते काळवंडले तरी चिंता नाहीं.

तथापि दमट हवा येथेंही गांठतेच. ३० अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या एक घनमीटर हवेंत सुमारें ३० ग्रॅम बाष्प मावतें. २० अंशांवर सुमारें १७ ग्रॅमच मावतें. यास्तव गार खोलींतून इंजिन एकदम बाहेर आणल्यास त्यावर व त्याच्या आंत दंव जमतें आणि विजेच्या जोडण्या गंजूं लागतात. तें पेटींत बंद असतांच बाहेर आणावें व उबदार झाल्यावर पेटी उघडावी. खेळ संपल्यावर तें पुसून, वाळवून, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावें.

पालकांस एक विनंति आहे. लिथियमचे घट त्यांच्यासाठींच बनविलेल्या यंत्रावर, न पेटणाऱ्या फरशीवर आणि मोठ्या माणसांच्या नजरेसमोरच भारित करावेत. भिजलेला किंवा फुगलेला घट पुन्हां कदापि वापरूं नये. हा छंद मुलांस गणित व पदार्थविज्ञान हंसत-खेळत शिकवितो. परंतु घट भारित करण्याचें काम त्यांनीं एकट्यानें करूं नये, एवढा नियम घरोघरीं पाळला जावा, असें आम्हांस वाटतें.