घसारा आणि रोकड

प्रश्न : घसारा हा खर्च असूनही रोख प्रवाह विवरणात तो नफ्यात परत का मिळवतात?

उत्तर : घसारा म्हणजे स्थिर मालमत्तेची किंमत तिच्या उपयुक्त आयुष्यावर विभागणारी नोंद होय, तिच्यामुळे त्या वर्षी रोकड बाहेर जात नाही. ५,००,००० रुपयांच्या यंत्राचे आयुष्य ९ वर्षे आणि अवशिष्ट मूल्य, म्हणजे शेवटी मिळणारी किंमत, ५०,००० रुपये धरल्यास सरळ रेषा पद्धतीने वार्षिक घसारा ५०,००० रुपये येतो. परंतु यंत्राचे पैसे खरेदीच्या वेळीच दिलेले असल्याने, येणी, देणी व मालसाठा बदलला नसेल तर, १,२०,००० रुपयांच्या नफ्यामागे व्यवहारांतून आलेली रोकड १,७०,००० रुपये ठरते. घसाऱ्यातून रोकड निर्माण होते, हा विद्यार्थ्यांचा समज मात्र साफ चुकीचा आहे: रोकड विक्रीतून येते, घसाऱ्याने केवळ करपात्र उत्पन्न घटते.