आधी शिकायचं आपण

“मोबाइल हातात असला की तासभर जागचा हलत नाही, मग अभ्यासालाच बरं लक्ष लागत नाही! सगळी नाटकं,” हे वाक्य एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्यात आणि स्वतःला आवरण्यात अडचण, असलेल्या मुलांच्या घरांत हमखास ऐकू येतं. नाटकं नसतात ती. मोबाइलच्या खेळात क्षणाक्षणाला काहीतरी मिळत राहतं. गणिताच्या वहीचं फळ मिळायला निकालाची वाट पाहावी लागते. एवढा धीर या मुलांना धरवत नाही. २००७ साली अमेरिकेत संशोधक फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांना या मुलांच्या मेंदूच्या बाह्यस्तराची वाढ सरासरी ३ वर्षं मागे असल्याचं आढळलं. मूल बुद्धीत कमी नसतं, स्वतःला आवरण्यात मागे असतं.

आजी म्हणतात, “याचा बाप तरी कुठे शांत होता?” त्यांच्या बोलण्यात तथ्य असतं. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईची नोकरी किंवा घरातले लाड हे त्याचं कारण नव्हे.

यावरची थेरपी म्हणजे मुलाला आत पाठवून आपण बाहेर बाकावर बसणं, अशी आपली समजूत. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत ४ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी पहिला उपचार सांगितला आहे तो पालकांच्या प्रशिक्षणाचा. मला हे पटतं. काय करायचं ते मुलाला बहुतेक वेळा ठाऊक असतं, ऐन वेळी जमत नाही. आणि ती ऐन वेळ दवाखान्यात येत नाही; सकाळी शाळेची व्हॅन खाली हॉर्न वाजवत असते तेव्हा येते.

“आवर लवकर!” यात पाच कामं दडलेली असतात. त्याऐवजी जवळ जाऊन, नजरेला नजर देऊन एकच सांगा, “मोजे घाल.” घातले की तिथल्या तिथे म्हणा, “वा, पहिल्याच हाकेला घातलेस!” वार्षिक निकालानंतरची सायकल इथे कामाची नाही. हट्टाकडे दुर्लक्ष करायला लागलात की सुरुवातीला तो वाढतो. बरेच पालक नेमके तिथेच हार मानतात आणि मोठ्याने रडलं की मिळतं, एवढंच मूल शिकतं.

सहा वर्षांपुढे डॉक्टर थेरपीसोबत औषधही सुचवतात. त्याला घाबरू नका. मात्र निदान घाईने नको. लक्षणं किमान ६ महिने, घरी आणि शाळेतही दिसायला हवीत. गप्प बसून विचारात हरवणाऱ्या मुलीही यात असतात, त्या सहज नजरेतून सुटतात.

म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हा मुलाच्या तक्रारींची यादी संपली की एवढं विचाराच: “आम्हाला कोण शिकवणार?”