रब्बी ज्वारीच्या शिफारशी कशा वाचाव्यात?

पोळा झाला आणि रब्बीच्या पेरणीचे दिवस जवळ आले की सोलापूर जिल्ह्यातील गावोगावच्या कार्यकर्त्यांस शेतकऱ्यांकडून एकच प्रश्न विचारला जातो : यंदा विद्यापीठाचा कोणता वाण चांगला? प्रश्न सरळ आहे. परंतु त्याचे एका नावात दिलेले उत्तर बहुधा अपुरे ठरते. विद्यापीठ जी शिफारस करते तीत वाणाच्या नावाबरोबर जमिनीची खोली, पेरणीचा काळ आणि ओलीची स्थिती या अटीही सांगितलेल्या असतात. गावापर्यंत येता येता नाव तेवढे शिल्लक राहते व अटी वाटेत गळून पडतात. प्रस्तुत लेखात या गळणाऱ्या भागाचाच विचार करावयाचा आहे.

कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची परंपरा आपल्या जिल्ह्यात जुनी आहे. मुंबई इलाख्यात या अभ्यासास १९२३ साली पुण्याजवळील मांजरी येथे प्रारंभ झाला आणि १९३३ साली सोलापूर येथे स्वतंत्र केंद्र निघाले. विजापूर, हगरी, रायचूर व रोहतक येथील केंद्रे त्याच सुमाराची होत. बांधबंदिस्ती, काही वर्षांच्या अंतराने खोल नांगरट, शेणखत, पातळ पेरणी आणि वारंवार कोळपणी ही जी पद्धत पुढे मुंबई इलाख्याची कोरडवाहू पद्धत म्हणून ओळखली गेली, ती याच कामातून सिद्ध झाली. १९६८ साली राहुरी येथे कृषी विद्यापीठाची स्थापना झाल्यावर सोलापूरचे केंद्र त्याच्या कक्षेत आले, आणि १९७० पासून अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू संशोधन प्रकल्पाचे कामही तेथे चालते.

ज्वारीच्या बाबतीत जिल्ह्याची देणगी याहूनही मोठी आहे. मोहोळ येथील प्रक्षेत्रावर स्थानिक मालदांडीतून निवड पद्धतीने 'मालदांडी ३५-१' हा वाण १९३० च्या दशकात पुढे आला. आजही रब्बी ज्वारीचा नवा वाण तपासावयाचा झाल्यास शेजारच्या वाफ्यात तुलनेसाठी मालदांडी पेरतात. इतक्या वर्षांनंतरही शेतकरी तिला सोडीत नाही, यास कोणी हटवादीपणा म्हणतात. मला तसे वाटत नाही. भाकरीची चव, मोत्यासारखा दाणा, जनावरे आवडीने खातात असा कडबा आणि वाईट वर्षातही हाती काहीतरी लागण्याची खात्री, हे सर्व तोलूनच तो निर्णय घेत असतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागेही हीच पुण्याई आहे.

नवा वाण शिफारशीस येण्यापूर्वी कोणत्या वाटेने येतो, हे कार्यकर्त्यास ठाऊक असावे. प्रथम केंद्राच्या शेतात लहान लहान वाफ्यांतून त्याची चाचणी होते. एकच वाण एकाच प्रयोगात अनेक वाफ्यांत पुन्हा पुन्हा पेरतात. कारण एका कोपऱ्यातील माती चांगली असल्यामुळे मिळालेले श्रेय वाणाच्या खात्यावर जमा होऊ नये. नंतर अनेक ठिकाणी व अनेक हंगामांत त्याची परीक्षा होते व पुढे शेतकऱ्यांच्या शेतावर प्रात्यक्षिके घेतली जातात. राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत या निष्कर्षांची छाननी होते आणि मान्य झालेली शिफारस 'कृषिदर्शनी'सारख्या प्रकाशनांतून आपल्या हाती येते. इतक्या श्रमाने ठरविलेल्या अटी आपण एका वाक्यात पुसून टाकणे योग्य नव्हे.

या अटींपैकी सर्वांत महत्त्वाची अट जमिनीच्या खोलीची होय. रब्बी ज्वारीचे पीक मुख्यतः पावसाळ्यात मुरलेल्या पाण्यावर येते. काळ्या मातीच्या एक फूट थरात पिकास उपयोगी पडेल असे सुमारे ५० मि.मी. पाणी साठते, असा ढोबळ हिशेब धरावा. फूटभर मातीखाली मुरूम लागत असेल, तर पीक पोटरीत येण्याच्या सुमारास ही पेटी रिकामी होऊ लागते. तीन फूट माती असेल, तर तेच पीक दाणा भरेपर्यंत तग धरते. म्हणूनच ३० सें.मी. पर्यंतच्या हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा व फुले माऊली, ६० सें.मी. पर्यंतच्या मध्यम जमिनीसाठी फुले सुचित्रा, फुले माऊली व मालदांडी ३५-१, आणि त्याहून खोल भारी जमिनीसाठी फुले वसुधा व फुले यशोदा अशी विभागणी केलेली आहे. अनुराधा सुमारे १०५ ते ११० दिवसांत निघते. ओल संपण्यापूर्वी दाणा पदरात पाडून घेणे हेच तिचे बळ. फुले रेवतीची शिफारस भारी बागायती जमिनीसाठी आहे, हे विसरून ती कोरड्या माळावर पेरू नये.

ही गोष्ट मी पुस्तकातून शिकलो होतो. परंतु उमजली ती चुकीतून. नोकरीच्या पहिल्याच हंगामात एका गावी मी फुले वसुधाचे बियाणे मोठ्या उत्साहाने दिले. शेत वरून काळेभोर दिसत होते. मी पहार मागविली नाही. ऑक्टोबरनंतर पाऊस झाला नाही. डिसेंबरात माळाकडील अर्धे शेत पोटरीतच वाळले आणि ओढ्याकडील खोल पट्ट्यात तोच वाण पुरुषभर उंच उभा होता. शेतकरी शांतपणे म्हणाले, "साहेब, बियाणं काय खोटं न्हवतं. तुम्ही माझी जमीन बघितली न्हाई." त्यांची दोन जनावरे होती, त्या उन्हाळ्यात त्यांना कडबा विकत घ्यावा लागला. दाण्याचे नुकसान मी नोंदवहीत लिहिले होते. कडब्याचे लिहावयाचे राहिले होते, तेही नंतर लिहिले.

तेव्हापासून मी पहार बरोबर नेतो. शेताचा उंच भाग, मध्य व सखल भाग अशा तीन ठिकाणी मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्यावा व खोली मोजावी. मोजपट्टी नसल्यास हाताने मोजावे. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा एक हात म्हणजे सुमारे ४५ सें.मी. होय. एकाच शेतात दोन प्रकारची जमीन आढळल्यास दोन वाण पेरण्यास संकोच करू नये.

खताची मात्राही खोलीनुसारच बदलते. कोरडवाहू ज्वारीस हेक्टरी हलक्या जमिनीत २५ किलो नत्र, मध्यम जमिनीत ४० किलो नत्र व २० किलो स्फुरद, भारी जमिनीत ६० किलो नत्र व ३० किलो स्फुरद द्यावे. हे सर्व पेरणीच्या वेळीच दोन चाड्यांच्या पाभरीने मातीत पडले पाहिजे. मागाहून कोरड्या मातीवर फेकलेले खत पिकास लागत नाही. बियाणे हेक्टरी १० किलो पुरे. काणी रोगासाठी किलोस ४ ग्रॅम गंधक चोळावे. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात, म्हणजे उत्तरा व हस्त नक्षत्रांत करावी. त्याआधी घाई केल्यास खोडमाशीचा उपद्रव वाढतो, आणि उशीर केल्यास ओल हातची जाते. पीक तीन आठवड्यांचे झाल्यावर फटीच्या कोळप्याने, पाचव्या आठवड्यात पासेच्या व आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने कोळपणी करावी. शेवटच्या कोळपणीने भेगा बुजतात; अवर्षणाच्या वर्षी हीच कोळपणी सर्वाधिक उपयोगी पडते आणि नेमकी हीच बहुतेक ठिकाणी टाळली जाते.

ज्यांचा नव्या वाणावर विश्वास बसत नाही, त्यांच्याशी वाद घालू नये. त्यांच्याच शेतात, एकाच खोलीच्या जागी, एकाच दिवशी व एकाच पाभरीने चार ओळींचा एक पट्टा नव्या वाणाचा व शेजारी चार ओळी मालदांडीच्या पेराव्यात. काढणीच्या वेळी दोन्ही पट्ट्यांचे दाणे आणि कडबा वेगवेगळे वजन करावेत, व घरच्या बायामाणसांनी दोन्हींच्या भाकरी करून पाहाव्यात. वजनांबरोबर जमिनीची खोली, पेरणीची तारीख व शेवटच्या पावसाची तारीख लिहून तो कागद संशोधन केंद्राकडे अथवा कृषी विज्ञान केंद्राकडे पाठवावा. नवा वाण हरला असल्यासही पाठवावा. केंद्राच्या वाफ्यात जे दिसले नाही, ते अशाच कागदातून त्यांस कळते.