धम्म अभ्यास : ही किळस कोणी शिकवली?



गेल्या महिन्यात रविवारच्या धम्मवर्गानंतर एक ताई थांबल्या. घर मूळचे महाडकडचे, त्यामुळे सुकट-बोंबील नेहमीचेच. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा सुकटीची चटणी भाकरीबरोबर बोटे चाटून खायचा. आता म्हणतो, "त्या वासाने मला उलटी येते," आणि चटणी करायला घेतली की खोलीचे दार लावून बसतो. शाळेत एकदा डबा उघडल्यावर मुलांनी नाके दाबली होती, हे घरी बऱ्याच दिवसांनी कळले. ताईंनी विचारले, "दादा, हे घालवायचं कसं? दटावून खायला घालू का?"

मी त्यांना आधी माझी खिरीची गोष्ट सांगितली. आठवीत असताना वैशाख पौर्णिमेला विहारात खीर खाल्ली आणि त्याच रात्री तापाने फणफणलो. रात्रभर उलट्या. खिरीत काही दोष नव्हता, वस्तीत दुसऱ्या कोणालाही काही झाले नाही. ताप आधीच अंगात होता. पण पुढची पंचवीस वर्षे दुधात वेलचीचा वास आला की माझ्या पोटात ढवळायचे. दर बुद्ध पौर्णिमेला सुजातेच्या खीरदानाची आठवण म्हणून वाटी हातात यायची आणि मी ती हळूच पत्नीकडे सरकवायचो. धम्मवर्ग घेणाऱ्या माणसाला हे कबूल करायला लाज वाटते, पण असे होते खरे.

यामागचे कारण शास्त्रज्ञांना ठाऊक आहे. 1955 साली जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना सॅकरीनचे गोड पाणी दिले आणि त्याच वेळी किरणोत्सर्गाने आजारी पाडले. पुढे ते उंदीर गोड पाणी टाळू लागले. अशी गाठ एकाच अनुभवात बसू शकते, आणि खाणे व आजारपण यांत काही तासांचे अंतर असले तरी बसते. 1978 साली इलीन बर्नस्टाइन यांना कॅन्सरग्रस्त मुलांमध्येही हेच दिसले. केमोथेरपीआधी एक विशिष्ट आइस्क्रीम खाल्लेली मुले नंतर ते नको म्हणू लागली. विषारी अन्नापासून वाचण्यासाठी शरीराने केलेली ही सोय आहे, पण ती कधी कधी निरपराध खिरीला शिक्षा देते.

धम्माच्या भाषेत बघू. वास नाकाला लागला, हा फस्स. तो नकोसा वाटला, ही वेदना. चूळवेदल्ल सुत्तात धम्मदिन्ना थेरी विशाख उपासकाला समजावतात की दुःख वेदनेच्या तळाशी पटिघाचा, म्हणजे दूर लोटण्याच्या वृत्तीचा, अनुसय दडलेला असतो. गाळ जसा तळाशी बसतो आणि जरा ढवळले की वर येतो, तसा. सल्ल सुत्तात भगवंतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. पहिला बाण वेदनेचा. दुसरा आपण स्वतःच मारून घेतो. वेलचीचा वास नकोसा वाटणे हा माझा पहिला बाण होता. वाटी दिसण्याआधीच "आता मळमळणार" म्हणून छातीत धडधड सुरू होणे हा दुसरा.

दुसरा बाण निघाला तो अगदी सावकाश. आधी नुसती वेलची हुंगायची आणि श्वासाकडे लक्ष ठेवायचे. काही दिवसांनी वेलचीचा चहा. मग अर्धा चमचा खीर, तीही पोट ठीक असताना, आणि कोणी बघत नसताना. तिकण्डकी सुत्तात पटिकूल वस्तूकडे अपटिकूल दृष्टीने पाहण्याचा सराव सांगितला आहे. मी तो स्वयंपाकघरात केला, इतकेच. मुलांच्या बाबतीतही वाट हीच. दोन ते सहा वर्षांच्या वयात अनोळखी पदार्थाची भीती सर्वांत जास्त असते. तोच पदार्थ दहा-बारा वेळा, थोडा थोडा, जबरदस्ती न करता समोर आला की बहुतेक मुले तो चाखतात. दटावले तर गाठ घट्ट होते. (खाल्ल्यावर ओठ सुजत असतील, अंगावर पुरळ येत असेल, किंवा मूल इतके पदार्थ सोडत असेल की वजन घटते आहे, तर डॉक्टरांकडे जावे. तिथे सराव उपयोगाचा नाही.)

पण ताईंच्या मुलाला हे लागू होत नाही. सुकट त्याला कधीच बाधली नव्हती. ही किळस त्याच्या पोटाने शिकवलेली नाही, ती दुसऱ्यांच्या चेहऱ्यांवरून आली आहे.

अशी किळस फार चिवट असते. दीड वर्षाचे मूल हातात येईल ते तोंडात घालते. घाण काय आणि स्वच्छ काय हे ते मोठ्यांची तोंडे पाहून शिकते. पॉल रोझिन यांच्या 1986 च्या प्रयोगात निर्जंतुक केलेले मेलेले झुरळ रसात बुडवून काढले. झुरळ निर्जंतुक आहे हे ठाऊक असूनही लोक तो रस पिईनात. बुद्धी स्वच्छ म्हणते, मन बाटले म्हणते. आपल्याला हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सवर्णांनी तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते "शुद्ध" केले. ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, ते माणसांच्या स्पर्शाने बाटले होते.

त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोरांचे मांस सोडा असेही सांगितले. मग तीही किळसच नव्हे का, असे वर्गात एका तरुणाने विचारले. मला तसे वाटत नाही. तो स्वाभिमानाने, विचार करून केलेला त्याग होता. गावाने लादलेले हलकेपण झटकून टाकायचे होते. जे आपण समजून सोडतो आणि जे दुसऱ्याने नाक मुरडले म्हणून सोडतो, यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सुत्तनिपातातील आमगंध सुत्त याच मुद्द्यावर आहे. आमगंध म्हणजे कच्च्या मांसाची दुर्गंधी. तिथे सांगितले आहे की खरी दुर्गंधी मांस खाण्याची नसते. ती हिंसेची, चोरीची, खोटेपणाची, फसवणुकीची असते.

इथे थोडे कडू बोलतो. आपल्या जयंतीच्या भोजनात गेली काही वर्षे श्रीखंड-पुरीच का असते? "हॉलमध्ये वास राहतो," असे आपणच म्हणतो. शाळेतल्या मुलांनी नाक दाबले, आणि आपण मोठी माणसे त्याला अलीकडे सभ्यपणा म्हणू लागलो आहोत. मुले तेही बघतात.

ताईंना मी म्हणालो, खायला घालू नका, त्या दिवशी काय झाले ते आधी ऐका. त्यांनी ऐकले. पोराने बराच वेळ काही सांगितले नाही, मग एकदम रडला. चवदार तळ्याची गोष्ट त्याला पाठ होती, पण तिचा आपल्या डब्याशी संबंध असेल असे त्याला कधी वाटले नव्हते. आता तो घरी चटणी खातो, खिडकी उघडी ठेवून. शाळेत अजून नेत नाही, आणि ताई आग्रह करत नाहीत.

पुढच्या रविवारी वर्गात आमगंध सुत्त वाचू. नंतरच्या भोजनाला ज्यांना इच्छा असेल त्यांनी सुकट, बोंबील, वजडी, जे घरी होते ते आणावे. खीर मी करणार आहे. हॉलच्या खिडक्या उघडतात का, हे मी पाहून आलो आहे. दोन उघडतात.