अमिनो आम्ल ओळखणारे प्रतिपिंड

सर्पदंशावरील प्रतिविष कसे तयार होते, हे ग्रामीण भागातील शिक्षकांस व आरोग्यसेवकांस नव्याने सांगावयास नको. घोड्याला विषाच्या अल्प मात्रा टोचल्या जातात व त्याच्या रक्तात त्या विषाला नेमके ओळखून बांधून ठेवणारी प्रथिने, म्हणजेच प्रतिपिंडे, निर्माण होतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेमुळे महाराष्ट्राला ही गोष्ट परिचयाची आहे. प्रयोगशाळेत एखादा पदार्थ शोधून काढण्यासाठीही हेच तत्त्व उपयोगी पडते. मात्र तो पदार्थ अमिनो आम्ल असेल, तर अडचण उभी राहते.

अमिनो आम्ले ही प्रथिनांची घटकद्रव्ये होत. त्यांचे रेणू फारच लहान. ग्लुटामिक आम्लाचा रेणुभार १४७, तर रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाचा सुमारे ६६,०००. एवढ्या लहान रेणूची शरीर परका म्हणून दखलच घेत नाही. यावरची वाट कार्ल लँडस्टायनर यांनी, रक्तगटांचा शोध लावणाऱ्या त्याच शास्त्रज्ञांनी, दाखविली होती. लहान रेणू मोठ्या प्रथिनाला जोडून टोचला, तर त्या लहान रेणूलाही ओळखणारी प्रतिपिंडे तयार होतात. अशा रेणूंना त्यांनी १९२१ मध्ये ‘हॅप्टेन’ हे नाव दिले.

नॉर्वेतील ऑस्लो येथे योन स्टॉर्म-मॅथिसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये या मार्गाने मेंदूतील ग्लुटामेट प्रथमच चेतापेशींत प्रत्यक्ष दाखविले. ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाने ग्लुटामेट अल्ब्युमिनला जोडून ते सशांना टोचण्यात आले. येथे प्रश्न असा, की ग्लुटामेट तर पेशीतील बहुतेक सर्वच प्रथिनांत गुंफलेले असते. मग सगळाच मेंदू रंगून जाणार नाही काय? तसे होत नाही. प्रथिनात गुंफलेल्या ग्लुटामेटचा अमिनो गट आधीच बांधलेला असतो, तर सुट्या ग्लुटामेटचा मोकळा असतो. मेंदूची ऊतीही ग्लुटाराल्डिहाइडनेच स्थिर केली, म्हणजे सुटे ग्लुटामेट जवळच्या प्रथिनांना चिकटते, धुऊन जात नाही, आणि ज्या रूपात ते सशाला टोचले होते त्याच रूपात प्रतिपिंडासमोर येते. ऊती दुसऱ्या रसायनाने स्थिर केल्यास तेच प्रतिपिंड निरुपयोगी ठरू शकते.

एवढ्यावर विसंबून चालत नाही. अ‍ॅस्पार्टिक आम्ल व ग्लुटामिक आम्ल यांत केवळ एका कार्बन अणूचा व त्याला जोडलेल्या दोन हायड्रोजन अणूंचा फरक आहे. म्हणून सशाचे रक्तजल प्रथम ग्लुटामेट जोडलेल्या प्रथिनात मिसळून पाहतात. मग रंग नाहीसा झाला पाहिजे. अ‍ॅस्पार्टेट जोडलेल्या प्रथिनात मिसळल्यावर तो टिकला पाहिजे. ही उलटतपासणी न केलेल्या चित्रावर विश्वास ठेवणे धोक्याचे. शिवाय ग्लुटामेट पेशीच्या नित्य चयापचयातही असते. त्यामुळे पेशी रंगली एवढ्यावरून ती ग्लुटामेटद्वारे संदेश पाठविते, असे सिद्ध होत नाही.

अशी प्रतिपिंडे आता लहान कुप्यांतून विकत मिळतात. कुपीवर बहुधा ‘केवळ संशोधनासाठी’ असा शेरा असतो. रुग्णाच्या निदानासाठी ती तपासून मान्य झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि प्रयोगशाळेसाठी खरेदी करणाऱ्याने किमतीच्या आधी तो शेरा वाचावयास हवा.